इसबाच्या त्वचेला ओट्सचं पाणी आणि खोबरेल

माझ्या मुलीच्या कोपराच्या आतल्या आणि गुडघ्याच्या मागच्या घडीत थंडी पडली की इसब उठतं, रात्रभर खाजवून सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके, बघवत नाही हो. आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक पडला तो ओट्सने. साधे ओट्स (मसालावाले नकोत!) मिक्सरला एकदम पिठासारखे बारीक करायचे, चमचाभर ग्लासभर पाण्यात ढवळलं आणि पाणी दुधासारखं झालं की समजा जमलं. हे पीठ कोमट पाण्याच्या टबात किंवा बादलीत मिसळायचं, दहा मिनिटं पुरे, पाणी कडकडीत अजिबात नको, त्याने त्वचा अजून कोरडी होते. मग टॉवेलने घासायचं नाही, नुसतं टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच तीन मिनिटांच्या आत व्हर्जिन खोबरेल किंवा बिनवासाचं जाड मॉइश्चरायझर लावायचं. मोहरीचं तेल, ऑलिव्ह ऑइल, लिंबू, बेसनाचं उटणं हे मात्र लांबच ठेवा, चुरचुरतं आणि बिघडतं. कुठलीही नवी गोष्ट आधी हातावर थोडीशी लावून दोन दिवस बघा. त्वचेतून पाणी किंवा पू येत असेल, पिवळी खपली धरली असेल तर मात्र घरी प्रयोग नकोत, सरळ डॉक्टर, आणि त्यांनी दिलेलं मलम मनाने बंद करू नका.