पुतळ्याची फाइल कशी ठेवावी

स्मारक समितीचं चिटणीसपद गळ्यात पडलं असेल तर आधी एक ठराव करून घ्या: शिल्पकाराला पत्र एकानेच लिहायचं. आम्ही आमच्या मराठीच्या सरांचा पुतळा करायला घेतला तेव्हा अध्यक्ष फोनवरून सांगत, "हात थोडा वर घ्या," आणि खजिनदार, "हात खालीच बरा." शेवटी शिल्पकारानेच पत्र पाठवून विचारलं, "हात नक्की कोणाचा धरू?"

पहिल्या पत्रात उंची लिहाल ती चौथरा धरून की सोडून, हे स्पष्ट करा. पुतळा कुठल्या दिशेला तोंड करून उभा राहणार तेही कळवा. ऊन चेहऱ्यावर येणार की पाठीवर, यावर शिल्पकार चेहऱ्यावरचे उठाव ठरवतो. फोटो समोरचा एकच देऊ नका. दोन्ही बाजूंचे हवेत, आणि मागे साल लिहिलेलं हवं, नाहीतर तिशीतलं नाक आणि साठीतले गाल एकाच माणसाला बसतात.

हुबेहूब माणूस हवा की त्याचा नुसता भास पुरे, हेही लिहायला लाजू नका. फ्रेंच साहित्यिकांच्या संस्थेने 1891 साली रोदँ या शिल्पकाराला बाल्झाक या कादंबरीकाराचा पुतळा सांगितला. मुदत होती 18 महिन्यांची, प्लास्टरमधला पुतळा लोकांसमोर आला 1898 मध्ये, आणि संस्थेने तो नाकारला. ब्राँझमध्ये तो पॅरिसच्या रस्त्यावर उभा राहिला 1939 साली; तोवर रोदँला जाऊन 22 वर्षं झाली होती.

खरी कसोटी मातीच्या कामाची. माती ओल्या फडक्यात ठेवावी लागते, वाळली की तडकते, म्हणून पाहून आल्यावर दोन दिवसांत उत्तर गेलं पाहिजे. मी पहिल्यांदा लिहिलं होतं, "चेहरा जिवंत वाटत नाही." उत्तर आलं, "कुठे?" मग सरांच्या मुलीला घेऊन पुन्हा गेलो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबांची डावी पापणी जरा खाली असायची. आणि चष्मा नाकाच्या मध्यावर, वर नाही." ही दोनच वाक्यं मी पत्रात उतरवली. पुढच्या खेपेला दारातूनच ती रडायला लागली.

मातीवरून साचा काढला की माती बहुतेक मोडतेच. त्यामुळे "माती मंजूर" हे पत्र सर्वांच्या सह्या घेऊनच पाठवा, आणि त्यानंतर कुणाला नवी कल्पना सुचली तर ती ऐकून घ्या, कळवू नका. पैशांचे हप्ते तारखांना नव्हे, टप्प्यांना बांधा: लहान नमुना, माती, ओतकाम, उभारणी. ब्राँझमध्ये तांबं, कथील, जस्त, शिसं किती, हे करारात आकड्यांनी असू द्या. 85-5-5-5 हे प्रमाण सर्रास चालतं.

पाटीचा मजकूर मात्र खऱ्या मापात छापून भिंतीवर लावा आणि समितीबाहेरच्या कुणाकडून तरी वाचून घ्या. आमच्या मसुद्यात मी "स्मृतीप्रीत्यर्थ" लिहिलं, त्यातली "ती" दीर्घ; हवी होती ऱ्हस्व. सात जणांनी सह्या केल्या, ओतणाऱ्याने इमानाने ओतलं. मराठीच्या सरांच्या पुतळ्याखाली! अनावरणाच्या आठवडाभर आधी पाटी नव्याने करावी लागली. जुनी माझ्या कपाटात आहे, ऱ्हस्व-दीर्घावर लाल खडूची खूण करून.