बेपत्ता झालेली जुनी बोट घरबसल्या कशी शोधायची: वॉराटाचं उदाहरण घेऊन

टायटॅनिकवर इतकं लिहून झालंय की नवख्या माणसाने तिथे स्वतः शोधायचं काय हाच प्रश्न पडतो, म्हणून मी विचारणाऱ्याला सांगतो की सुरुवात वॉराटा (Waratah) या बोटीपासून कर. १९०९ ची गोष्ट. २११ माणसं घेऊन डर्बनहून केपटाऊनला निघालेली बोट, तीही वर्षभरापूर्वीच बांधलेली, आणि आजपर्यंत तिचे अवशेष खात्रीने कुणालाच सापडलेले नाहीत. कागद मात्र ढीगभर आहेत आणि त्यातले बरेच मोबाइलवर फुकट वाचता येतात.

खाली जे सांगतोय त्यात मुद्दा एकच आहे, कोण काय म्हणालं याच्या आधी ते कधी म्हणालं ते बघा. बोट बुडाली की प्रत्येकालाच आठवायला लागतं की आपल्याला तेव्हाच शंका आलेली.

आधी बोट पक्की करा

वॉराटा हे ऑस्ट्रेलियातलं एक प्रसिद्ध लाल फूल, त्यामुळे त्या नावाची जहाजं बरीच होती आणि त्यातली काही बुडालीही. नुसतं नाव टाकून सर्च केलंत तर भलतीच बोट हाती लागेल. ब्रिटिश नोंदणीच्या प्रत्येक जहाजाला एक ऑफिशियल नंबर असायचा, आपल्या आधार नंबरसारखाच, नाव बदललं मालक बदलला तरी तोच राहायचा, तो आधी टिपून घ्या. मग कुठे बांधली (ग्लासगो, बार्कले कर्ल कंपनी, १९०८), कुणाची होती (ब्लू अँकर लाइन), कॅप्टन कोण (जोसाया इलबेरी, Ilbery) हे लिहून ठेवा. कॅप्टनचं नाव फार कामाचं, पुढे कळेल.

आणि ९,३३९ टन वाचून ते बोटीचं वजन आहे असं समजू नका. हा टन जागेचा असतो, १०० घनफूट म्हणजे एक टन. बऱ्याच लेखांमध्ये हा घोळ असतो.

मग पेपर, आणि तेही तारखेच्या क्रमाने

दोन साइट उघडा, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची ट्रोव्ह आणि न्यूझीलंडची पेपर्स पास्ट. दोन्ही फुकट. बोट ऑस्ट्रेलियाहून निघालेली, प्रवासीही बरेचसे तिकडचे, त्यामुळे तिकडच्या पेपरांनी हे प्रकरण शेवटपर्यंत सोडलं नाही. जुनी छपाई पुसट असते आणि कॉम्प्युटरने वाचताना अक्षरांची वाट लागते, त्यामुळे बोटीच्या नावाने काही मिळालं नाही तर इलबेरी टाका, ब्लू अँकर टाका, डर्बन टाका. तारखेचा फिल्टर लावून जुलै १९०९ पासून एकेक आठवडा पुढे सरका. पन्नास वर्षांनी लिहिलेले रहस्यकथा टाइप लेख आधी वाचायचेच नाहीत, ते डोक्यात बसले की मूळ बातमी नीट वाचली जात नाही.

क्रमाने वाचलं की त्या लोकांबरोबर आपणही वाट बघायला लागतो. २६ जुलैला बोट डर्बनहून सुटली, २९ ला केपटाऊनला पोचायला हवी होती. सुरुवातीला पेपर फक्त उशीर झालाय म्हणतात. बोटीवर वायरलेस, म्हणजे बिनतारी संदेशाचं यंत्र, नव्हतं, त्या काळी बऱ्याच बोटींवर नसायचं, त्यामुळे कळणार तरी कसं. शिवाय १८९९ मध्ये वायकाटो नावाची बोट बिघडून महिनोन्महिने समुद्रात भरकटली होती आणि शेवटी सुखरूप सापडली होती, म्हणजे हीसुद्धा सापडेल अशी आशा लोकांना होती. १० ऑगस्टला तार आली की ब्लू अँकरची एक बोट हळूहळू डर्बनकडे येताना दिसतेय, वॉराटा असू शकेल. ऑस्ट्रेलियाच्या संसदेत कामकाज थांबवून ती तार वाचून दाखवली गेली, अ‍ॅडलेडमध्ये घंटा वाजवल्या. ती वॉराटा नव्हती. घरचं माणूस त्या बोटीवर असलेल्यांनी त्या घंटा ऐकल्या असतील हे मनात आलं की मला पुढचं पान उघडवत नाही.

पुढे नौदलाची जहाजं शोधायला गेली, सॅबाइन नावाची बोट खास भाड्याने घेऊन १४,००० मैल समुद्र धुंडाळला, काही मिळालं नाही. डिसेंबरमध्ये लॉइड्स या लंडनच्या जहाज-विम्याच्या संस्थेने वॉराटा बेपत्ता जाहीर केली.

इथे एक सांभाळा. बातम्या तारेने यायच्या आणि तोच मजकूर सगळे पेपर छापायचे. दहा पेपरात तीच वाक्यं दिसली तर ते दहा पुरावे नाहीत, एकच आहे.

चौकशीचा रिपोर्ट, हा खरा खजिना

ब्रिटिश बोर्ड ऑफ ट्रेडच्या (व्यापार आणि जहाजं बघणारं तिथलं सरकारी खातं) अपघात चौकशीचे जुने रिपोर्ट साउथॅम्प्टनच्या शहर वाचनालयाने स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेत. वॉराटाची चौकशी लंडनला कॅक्स्टन हॉलमध्ये डिसेंबर १९१० ते फेब्रुवारी १९११ चालली. रिपोर्ट वाचताना निष्कर्ष शेवटी असतो तो आधी वाचा, मग साक्षी.

आता वहीत तीन रकाने करा. कोणी सांगितलं, काय सांगितलं, कधी सांगितलं. वॉराटापुरतं भरून दाखवतो.

क्लॅन मॅकिन्टायर ही बोट २७ जुलैच्या सकाळी वॉराटाच्या जवळ होती, दोघींनी एकमेकींना सिग्नल दिले, सगळं ठीक होतं. ही नोंद पक्की धरा. त्याच रात्री ग्वेल्फ नावाच्या बोटीने लांबून एका जहाजाशी दिव्याने बोलायचा प्रयत्न केला, हवा खराब होती, नावाची शेवटची तीन इंग्रजी अक्षरं तेवढी कळली, टी, ए, एच. ती वॉराटाच असेल असं वाटतं, पण वाटणंच, म्हणून पुढे प्रश्नचिन्ह. हार्लो या बोटीच्या कॅप्टनने त्याच रात्री धूर आणि दोन मोठे भडके बघितले, पण किनाऱ्यावरचा वणवा असेल असं मानून त्याने लॉगबुकात, म्हणजे बोटीच्या रोजनिशीत, काहीच लिहिलं नाही, वॉराटा हरवल्याचं कळल्यावर ते महत्त्वाचं वाटलं. खोटं बोलला असं मी म्हणत नाही, पण तिसऱ्या रकान्यात 'नंतर' असंच लिहायचं.

क्लॉड सॉयर हा प्रवासी सगळ्यात गाजलेला. बोट धोकादायक वाटते म्हणून हा माणूस डर्बनलाच उतरला, पुढचं तिकीट सोडून. त्याच्या दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या ओळींत लिहा. एक, डर्बनहून त्याने बायकोला तार केली की वॉराटा वरच्या बाजूला जड, म्हणजे सहज कलंडेल अशी, वाटली म्हणून उतरलो. ती तार चौकशीत दाखवली गेली आणि ती बोट हरवल्याची बातमी होण्याआधीची, म्हणून माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला हा सगळ्यात वजनदार कागद. दुसरी, त्याला स्वप्नात रक्ताळलेली तलवार घेतलेला माणूस दिसला ही. नंतरचे लेख स्वप्नानेच भरलेत आणि तार दोन ओळींत उरकतात. तुम्ही उलटं करा.

प्रोफेसर विल्यम ब्रॅग, ज्यांना पुढे १९१५ मध्ये फिजिक्सचं नोबेल मिळालं, ते आधीच्या फेरीत या बोटीने ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडला गेले होते. बोट एका बाजूला कलायची आणि बराच वेळ तशीच राहायची असं त्यांनी साक्षीत सांगितलं. साक्ष नंतरची, पण माणूस जाणकार आणि सांगितलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं, तेव्हा दोन्ही लिहून ठेवा. बोट उत्तम होती म्हणणारेही साक्षीदार होते, तेही लिहा, गाळू नका.

कोर्ट शेवटी म्हणालं की २८ जुलैच्या वादळात बोट बहुधा उलटली. रिपोर्टमधली मला खटकणारी जागा मात्र वेगळीच. नवीन बोट समुद्रात कशी वागते याबद्दल कॅप्टन आणि मालक यांच्यात काहीच लिहापढी कशी झाली नाही याचं कोर्टालाही नवल वाटलं. कुठलाही रिपोर्ट वाचताना जो कागद असायला हवा होता आणि नाही, त्याचीही एक ओळ वहीत ठेवा.

'सापडली' अशी बातमी दिसली तर

लगेच फॉरवर्ड करू नका. १९९९ मध्ये वॉराटा सापडल्याचं जगभर छापून आलं, २००१ मध्ये खाली जाऊन बघितलं तर ती दुसऱ्या महायुद्धात बुडालेली नेलसी मेडो ही मालवाहू बोट निघाली. सोनारवर (आवाजाच्या लहरींनी समुद्राचा तळ बघणारं यंत्र) लांबी जुळणं पुरेसं नसतं, नाव, नंबर किंवा त्याच बोटीचा म्हणता येईल असा भाग दिसायला हवा.

हात बसला की आपल्या जवळची वैतरणा घ्या, विजेचे दिवे होते म्हणून लोक जिला वीजळी म्हणायचे. ८ नोव्हेंबर १८८८ ला कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली, द्वारका झालं, हवा खराब म्हणून पोरबंदरला थांबली नाही, मांगरोळजवळ दिसली आणि नंतर कुणालाच नाही. किती माणसं गेली याचे आकडे वेगवेगळे मिळतील, तेरा वऱ्हाडं होती, मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली पोरं होती असंही सगळीकडे वाचाल. तेच तीन रकाने करा, आणि वऱ्हाडांची गोष्ट पहिल्यांदा कोणत्या साली छापलेली दिसते तिथून सुरू करा.