तीच रांजणवाडी त्याच जागी पुन्हा आली तर

बेळगावात खडे बाजाराजवळच्या चष्म्याच्या दुकानात मी बावीस वर्षं काम करतोय. दिवसभर लोकांच्या पापण्या वीतभर अंतरावरून दिसतात. तरी येळ्ळूरच्या माझ्या आत्याच्या वरच्या पापणीवरची गाठ मी कितीतरी महिने रांजणवाडीच धरून चाललो. "रांजणवाडीच हाय की रे, जाईल," म्हणत ती लवंग उगाळून लावायची. एका दवाखान्यात दोनदा चीर देऊन गाठ काढली, पण काढलेलं तपासायला पाठवलंच नाही. तिसऱ्यांदा तिथंच आली तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी तुकडा पाठवला. पापणीतल्या तेल सोडणाऱ्या ग्रंथींचा, म्हणजे तैलग्रंथींचा कॅन्सर निघाला.

म्हणून घरातल्या पन्नाशीपुढच्या माणसांच्या पापण्या बघायला शिका. दिव्याखाली नको, सकाळच्या उजेडात दारात बसवा. हात धुवा. खाली बघायला सांगून वरची पापणी बघा, मग वर बघायला सांगून खालची. दोन्ही डोळे ताडून बघा. आधी केस मोजल्यासारखे निरखा: गाठीच्या जागचेच केस गळालेत का? आत्याचे गळाले होते. रांजणवाडी दुखते, लाल होते, बहुतेकदा आठ-पंधरा दिवसांत बसते. न दुखणारी साधी गाठ महिनाभर रेंगाळू शकते. पण न दुखणारी, टणक, पिवळसर गाठ वाढत राहिली, किंवा एकाच डोळ्याची पापणी औषधं घालूनही लालच राहिली, तर थांबू नका. दर आठवड्याला मोबाइलवर फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडतो.

पाश्चात्त्य देशांत पापणीच्या कॅन्सरपैकी ८० ते ९० टक्के बेसल सेल, म्हणजे कातडीच्या तळच्या थरातल्या पेशींच्या प्रकारचे असतात. तो बहुधा खालच्या पापणीवर किंवा नाकाकडच्या कोपऱ्यात येतो. कडा मोत्यासारखी चकचकीत, मध्ये खळगा, खपली धरते, रक्त येतं. आपल्या सावळ्या कातडीवर तो पुष्कळदा काळा तीळच वाटतो. शरीरात इतरत्र सहसा जात नाही, पण सोडला तर डोळ्याच्या खोबणीपर्यंत कुरतडत जातो. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. हैदराबादेतल्या ५३६ रुग्णांच्या एका नोंदीत तैलग्रंथींचा ५३ टक्के, बेसल सेल २४ आणि खरबरीत, खवल्यांचा स्क्वॅमस सेल १८ टक्के होता. मेलॅनोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, फारच विरळा. तैलग्रंथी वरच्या पापणीत जास्त असतात, म्हणून तो कॅन्सर तिथं जास्त दिसतो. तो पसरतोही, आणि रांजणवाडीचं सोंग घेणाराही हाच.

डॉक्टरांपुढे गेल्यावर संकोच न करता म्हणा, "ही गाठ त्याच जागी पुन्हा आलीय, काढाल तेव्हा बायोप्सीला पाठवा." शेताची कामं आहेत, सुगी झाल्यावर बघू, असं खानापूरकडचे कितीतरी जण मला म्हणतात. मी त्यांना हात धरून बसवतो.

आत्याची पापणी कडेची निरोगी कातडी धरून कापली आणि नवी रचून दिली. आता महिन्यातून एकदा मी तिच्या कानापुढे आणि जबड्याखाली बोटं फिरवून बघतो, कुठं गाठ लागते का ते.