व्हॉल्व्हचा जुना रेडिओ थेट प्लगला लावू नका
ठाण्याच्या दमट हवेत वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला आजोबांचा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा रेडिओ हाती आला, की लगेच लावून बघावासा वाटतो. कृपा करून थांबा. आधी वायर बघा; माझ्या सेटच्या वायरच्या आवरणाचा तर हात लावताच भुगा झाला. फिल्टर कंडेन्सर (वीज साठवून प्रवाह सुरळीत करणारा भाग) शॉर्ट असेल तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तसा दुसरा मिळणं कठीण.

इलेक्ट्रिशियन वापरतात तसा सिरीज बोर्ड घ्या, म्हणजे ज्यात वीज आधी बल्बमधून जाऊन मग रेडिओला मिळते. त्यात 60 वॅटचा तारेचा पिवळा बल्ब लावा आणि रेडिओ त्या बोर्डाला जोडा. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करा, आत शॉर्ट आहे. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये दोन-अडीचशे व्होल्ट साठलेले असू शकतात. मल्टिमीटरने व्होल्टेज तपासल्याशिवाय आत हात घालू नका.