फायबर बोटीचा कुजलेला फ्लोअर बदलताय? या चुका टाळा

मे संपला की किनाऱ्यावरचे पर्यटकांचे धंदे बंद होतात, होड्या वर ओढल्या जातात आणि माझा फोन वाजायला लागतो. प्रश्न दरवर्षी एकच. "फ्लोअर जरा मऊ लागता. वरसून प्लाय मारून मॅट घातली तर चलात मां?"

नाही चलात. पायाला फ्लोअर मऊ लागेपर्यंत खालचे स्ट्रिंगर (तळाला लांबीत बसवलेले आधाराचे वासे) बहुतेक वेळा आधीच गेलेले असतात. वरून नवा प्लाय ठोकणं म्हणजे कुजलेल्या वाशांवर नवी कौलं घालणं.

मी मालवण परिसरात सोळा ते बावीस फुटी आउटबोर्ड (मागे बाहेर इंजिन टांगलेल्या) होड्यांचं काम करतो. जुन्या बांधणीत बाहेरचं कवच मॅट-रेझिनचं (काचेच्या धाग्यांची मॅट आणि ती घट्ट धरणारं रेझिन), पण आतले स्ट्रिंगर आणि फ्लोअर प्लायचे किंवा लाकडाचे असतात, वरून फायबरने मढवलेले. फायबर कुजत नाही, आतलं लाकूड कुजतं. तेही समुद्राच्या पाण्याने कमी आणि पावसाच्या पाण्याने जास्त, कारण लाकूड खाणाऱ्या बुरशीला गोडं पाणी मानवतं. हंगामभर खाऱ्या पाण्यात टिकलेली बोट चार महिने माडाखाली, पाणी सोडायचा प्लग न काढता, सपाट ठेवली की सीटच्या स्क्रूच्या भोकांतून पाणी आत शिरतं. तिथूनच सगळं सुरू होतं.

सगळं एकदम उपटू नका

ही चूक मी इतक्यांदा बघितली आहे की आता आधी शिव्या घालतो, मग चहा देतो.

देवबागच्या एका पोराने जुनी अठरा फुटी बोट घेतली. हुशार पोरगा, हाताला चलाख. मोबाइलवर दोन व्हिडिओ बघितले आणि भाड्याचा ग्राइंडर आणून दोन दिवसांत फ्लोअर आणि तिन्ही स्ट्रिंगर साफ केले. बोट ठेवली होती कशावर? नाळेखाली (पुढच्या टोकाखाली) ट्रकचा टायर आणि ट्रान्समखाली (इंजिन लागतं त्या मागच्या फळीखाली) दोन जांभ्याचे चिरे. मध्ये काही नाही. स्ट्रिंगर काढलेला तळ सुपासारखा लवतो. तीन आठवडे ती तशीच पोट सोडून बसली. मग याने नवे स्ट्रिंगर त्या लोंबलेल्या पोटाला अगदी बेतून कापले, तीन-तीन थर चढवले आणि ते पोट कायमचं पक्कं करून टाकलं. काम दिसायला सुंदर होतं, ते मी नाकारत नाही.

नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात गेली. वेग धरला की नाळ वर, खाली, वर, खाली. "काका, ही उडता कित्याक?" आधी इंजिनाचा कोन बदलला, मग पेट्रोलची टाकी पुढे नेली, मग पंखा बदलला. शेवटी बोट वर घेऊन मी तळाला मागच्या सहा फुटांवर दोरी ताणून धरली. दोरी मध्ये टेकली आणि ट्रान्समपाशी बोटभर फट राहिली. तळाचा मागचा भाग लांबीत सरळ हवा. इथे त्याला पोट आलं होतं. यावर पुट्टी नाही, पॅकिंग नाही. पुढच्या वर्षी सगळं परत कापलं.

माझी सवय सांगतो. कापण्याआधी बोट समपातळीत बसवायची आणि दर दोन-अडीच फुटांवर खालून आधार द्यायचा, मधल्या कण्याला आणि दोन्ही बाजूंना. काठांवर दोन आडव्या फळ्या ठोकायच्या, नाहीतर बाजू फाकतात. तीन ठिकाणची रुंदी मार्करने काठावरच लिहायची, कागद हरवतो. तळाला दोरी लावून बघायची आणि मगच ग्राइंडर हातात घ्यायचा. स्ट्रिंगर एका वेळी एकच काढायचा. तो बसवून पक्का झाला की दुसरा. वेळ जातो, जाऊ दे. जुन्या स्ट्रिंगरचा निदान एक अखंड तुकडा नमुन्याला ठेवायचा आणि त्याची उंची लिहून ठेवायची, कारण फ्लोअरची पातळी त्यावर ठरते. लोक नमुना जाळून मोकळे होतात आणि मग मला विचारतात, किती उंच होता? मला काय ठाऊक?

ओलं झाकू नका

आमच्याकडची खरी अडचण अशी की बोट मोकळी असते तेव्हाच हवा सगळ्यात वाईट असते. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, पर्यटनाच्या होड्या ऑगस्ट अखेरपर्यंत वर. म्हणजे दुरुस्तीचा सगळा काळ पावसाचा. त्यात नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात हवीच, हा हट्ट. मग पावसात भिजलेल्या तळावर रेझिन ओतलं जातं.

ओलसर मॅट पांढरट राहते, रेझिन चिकट राहतं, आणि दोन वर्षांत पूर्ण थर पापडासारखा हातात येतो. एका बोटीत तर फ्लोअरखाली तरंगण्यासाठी भरलेला जुना फोम तसाच ठेवून वर नवा फ्लोअर मारला होता. मालक म्हणाला, फ्लोअर ठणठणीत आहे, पण बोट जड झाली, चार जणांना ओढवत नाही. खालून छोटं भोक पाडलं आणि खाली बादली लावली. संध्याकाळी बादली भरली, दुसऱ्या दिवशी परत भरली. फोम पाणी पिऊन बसला होता आणि नवे स्ट्रिंगर त्यात भिजत होते. भिजलेला फोम वाळत नाही. वाळवण्याच्या नादी लागू नका, खरवडून फेका.

तळ सुकला का, हे हात लावून कळत नाही. घासलेल्या जागेवर हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर तळ अजून ओला आहे. ताडपत्रीची खोली करून आत दोन हॅलोजन दिवे लावले की पावसातही काम होतं. फक्त रेझिन आणि अॅसिटोन उघडण्याआधी ते बंद करून गार होऊ द्या, वाफ पेट घेते. आर्द्रतेचा काटा काही शे रुपयांना मिळतो. तो ८० टक्क्यांच्या वर असला की मी रेझिनचा डबा उघडत नाही. जुलैत असे दिवस ओळीने येतात. तेव्हा मी तोडणं आणि घासणं करतो, थर चढवायला उघडीप बघतो. मालक चिडतात.

बाकीच्या चुका थोडक्यात

घासण्यात कंजुषी. नवं रेझिन जुन्या रंगाला किंवा जेलकोटला (फायबरवरच्या चकचकीत थराला) धरत नाही. ३६ किंवा ४० नंबरच्या डिस्कने कोरं फायबर दिसेपर्यंत घासा. मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि नंतर आंघोळ गार पाण्याने. बनियनवर घासणारे वीर रात्रभर खाजवत बसतात.

फर्निचरच्या दुकानातला प्लाय. शिक्का आयएस ७१० चा (मरीन प्लायचा) बघा आणि कड बघा. कडेला पोकळ्या दिसल्या तर शिक्का असूनही परत करा.

स्ट्रिंगर तळावर कोरडा टेकवणं. तो जिथे टेकतो तिथे तळावर जोर येतो आणि बाहेरून रेघ उमटते. मी खाली पाव इंच जागा सोडून घट्ट केलेल्या रेझिनच्या गादीवर बसवतो. कोपऱ्यात त्याच लगद्याची गोलाई, वरची कड गोल घासलेली, कारण मॅट काटकोनात वळत नाही, खाली हवा धरते. पहिला थर तळावर ३ इंच उतरवायचा, दुसरा ४, तिसरा ५. गाड्यांची बॉडी पुट्टी इथे चालत नाही, ती पाणी पिते.

घाईसाठी जास्त हार्डनर (रेझिन घट्ट करणारं औषध). किलोला १० ते २० मिली, बस्स. जास्त टाकलं तर डबा धुरायला लागतो आणि थर ठिसूळ होतो. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात तो) वेगळा मिळाला असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर. दोन्ही एकमेकांत थेट मिसळले तर स्फोट होतो. यावर चर्चा नाही.

फोमऐवजी थर्माकोल. पॉलिएस्टर रेझिन पडलं की तो विरघळतो. एकदा करून बघा, पण माझ्या बोटीत नको.

फ्लोअरची खालची बाजू कोरी सोडणं. दिसत नाही म्हणून कोणी रेझिन लावत नाही, आणि कुजायला सुरुवात तिथूनच होते. खालची बाजू, कडा, प्रत्येक स्क्रूचं भोक, सगळीकडे रेझिन.

आणि पाण्याची वाट. स्ट्रिंगरमधून पाणी मागे जाण्यासाठी भोकं ठेवावी लागतात, आणि त्यांत अर्ध्या इंचाच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा रेझिनने बसवावा लागतो, नाहीतर भोकाच्या कडेचं उघडं लाकूड पाणी ओढतं. फ्लोअर बंद करण्याआधी मी नाळेपाशी एक बादली पाणी ओततो आणि ट्रान्समच्या प्लगमधून किती येतं ते मोजतो. गेल्या वर्षी एका बोटीतून अर्धीच बादली आली. मालक म्हणाला, उरलेलं सुकात. मी दोन तास शोधलं. डावीकडच्या दुसऱ्या पाइपात लिंबाएवढा रेझिनचा गोळा अडकला होता, माझ्याच हातचा.