शीट सोडणारा खटका: लंबकाच्या नादी लागण्याआधी

शिडाची नौका उलटू नये म्हणून यांत्रिक उपकरण, हा विषय प्रकल्पाला घेऊ का असं विचारणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र असतं. नौका ठरावीक अंशांपलीकडे कलली की लंबक सरकतो, खटका पडतो, मेनशीट (मुख्य शीड ताणून धरणारा दोर; अशा दोराला शीट म्हणतात) सुटते, शिडातला वारा निघून जातो आणि नौका सरळ होते. चित्र खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेल्या अर्ध्यात माझ्या शिक्षणाचा मोठा भाग गेला, म्हणून हे लिहायला घेतलं.

मेटासेंटर (कललेल्या नौकेची स्थिरता ठरवणारा बिंदू), जीझेड आलेख (कुठल्या कोनाला नौका किती जोराने सरळ होऊ बघते ते दाखवणारा), स्थिरता कुठल्या कोनाला संपते, हे तुम्हाला येतं असं धरून चालते. येत नसेल तर इथेच थांबा आणि ते आधी करा. हा विषय वरवर यंत्रशास्त्राचा वाटतो, पण गुण जातात ते नौकेच्या स्थिरतेत.

पहिलं काम म्हणजे आपण नेमकं कुठलं उलटणं थांबवणार आहोत ते कागदावर लिहिणं. हे काम लोक टाळतात आणि मग परीक्षकांसमोर अडकतात. 1979 च्या फास्टनेट या शिडाच्या नौकांच्या समुद्री शर्यतीत 15 स्पर्धकांचा जीव गेला. तिथे कित्येक नौका फुटणाऱ्या लाटांनी आडव्या केल्या, आणि अनेकींवर त्या वेळी शीड जवळपास नव्हतंच. 2024 च्या ऑगस्टमध्ये सिसिलीच्या किनाऱ्याजवळ ‘बायेशियन’ ही मोठी नौका बुडाली आणि 7 माणसं गेली. ती नांगरावर होती आणि शिडं उतरवलेली होती. 70 मीटरांहून उंच डोलकाठीवरच वारा मावेनासा झाला होता. या दोन्ही ठिकाणी शीट सोडणारा खटका काय करणार होता? काहीच नाही. सोडायला शीटच ताणलेली नव्हती.

मग हे उपकरण कुठे कामाचं? शिडं चढवलेली आहेत, वारा बाजूने किंवा थोडा पुढून येतोय, अचानक झोत आला आणि सुकाणूवरच्या माणसाचा हात शीटपर्यंत वेळेत पोचला नाही, तिथे. म्हणजे लहान उघडी डिंगी, दोन सांगाड्यांची (तरंगणाऱ्या अंगांची) कॅटमरान आणि तीन सांगाड्यांची ट्रायमरान. जड कील (तळाखालचं वजनदार पातं) असलेली एकसांगाडी नौका कलते तसा शिडावरचा दाबही कमी होतो आणि कील तिला परत आणते. तिला या खटक्याची गरज त्या मानाने थोडी. कॅटमरानला मात्र अशी दुसरी संधी नसते. उलटी झाली की ती उलटीच तरंगत राहते, आणि त्या अवस्थेतही ती मोठ्या समाधानाने स्थिर असते.

आता सापळा. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण याबद्दल आधी कोणीच स्पष्ट सांगितलं नव्हतं.

टेबलावर लंबक आणि खटका बसवा आणि टेबल हळूहळू तिरकं करा. 20 अंशांना खटका पडायला हवा होता, पडला. पुन्हा केलं, पुन्हा पडला. मार्गदर्शक खूश, व्हिडिओ तयार. हेच उपकरण नौकेवर लावा. शांत पाण्यात ठीक चालेल, जरा लाटा आल्या की कारण नसताना शीट सोडून मोकळं होईल.

कारण साधं आहे, पण डोक्यात बसायला वेळ लागतो. लंबकाला ‘खाली’ म्हणजे काय ते कळत नाही. त्याला कळतं ते गुरुत्वाकर्षण आणि आपल्या टांगणीचं त्वरण यांचं मिश्रण. नौकांच्या डोलण्याचा अभ्यास करणारे इंग्रज अभियंते विल्यम फ्रूड यांनी 1861 मध्येच दाखवलं होतं की लाटेवर तरंगणाऱ्या लहान तराफ्यावरचा लंबक क्षितिजाशी काटकोन करत नाही, तो लाटेच्या उताराशी काटकोन करतो. एवढं असतं तरी भागलं असतं, कारण स्थिरतेच्या दृष्टीने लाटेच्या पृष्ठभागाशी असलेला कोनच बराचसा महत्त्वाचा. खरी गडबड डोलण्याची आहे.

आकडे घालून बघा. नौका दोन्ही बाजूंना 10 अंश डोलते आहे, एका डोलाला 3 सेकंद लागतात. 10 अंश म्हणजे 0.175 रेडियन. कोनीय वारंवारता सुमारे 2.1, तिचा वर्ग 4.4. गुणाकार केला की टोकाला कोनीय त्वरण सुमारे 0.77 रेडियन प्रति सेकंद वर्ग येतं. आता लंबक डोलण्याच्या आसापासून 3 मीटर वर, डोलकाठीवर लावलाय असं समजा. तिथलं आडवं त्वरण 2.3 मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वाकर्षण 9.81. दोघांचा मिळून कोन जवळपास 13 अंश. नौका 10 अंश कललेली आहे आणि लंबक 23 सांगतोय. म्हणजे खोट्याचा वाटा खऱ्यापेक्षा मोठा, आणि तोही नेमका त्याच दिशेला. वर 30 सेंटिमीटरच्या लंबकाचा स्वतःचा झोका 1.1 सेकंदांचा असतो. डोलणं जसं त्याच्या जवळ येईल तसा तो आणखी भर घालेल.

इथे प्रत्येकाला सुचतो तो उपाय म्हणजे डॅम्पर, झोके मंदावणारी रचना. तेलात बुडवा, हवेचा पिस्टन लावा. मीही तेच केलं. खोटं सुटणं थांबतं, आणि दोन दिवस फार बरं वाटतं. पण 3 सेकंदांचं डोलणं गाळायचं तर डॅम्परला त्याहून बरंच सावकाश व्हावं लागतं, आणि हलकी कॅटमरान सांगाडा उचलल्यापासून काही सेकंदांतच पलटी खाते. म्हणजे आधी उपकरण उगीच सुटत होतं, आता ते नौका पालथी पडल्यावर सुटतं. दोन्हींच्या मधली जागा शोधत बसू नका. बहुतेक वेळा ती नसतेच.

‘मग मोबाइलमधला सेन्सर आणि एक सर्वो मोटर लावू’ असं म्हणणाऱ्यांसाठी: त्वरणमापक हाही लंबकच आहे, फक्त दिसत नाही. नुसता तो घेतलात तर हेच 23 अंश तो दशांशासह सांगेल. जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) जोडून ते सुधारता येतं, पण मग बॅटरी, पाणी, बिघाड ओळखणं असे वेगळे प्रश्न पुढ्यात येतात आणि तुमचा प्रकल्प यांत्रिक राहत नाही. हा आडमार्ग मला आवडत नाही. कोणाला आवडत असेल तर त्याने निदान समजून घ्यावा.

पण कोनाचा मूळ दोष याहून खोल आहे. कॅटमरानच्या बाबतीत कोन हा उशिरा येणारा निरोप आहे. समजा नौकेचं माणसांसह वजन 800 किलो आणि दोन सांगाड्यांच्या मध्यरेषांतलं अंतर 3 मीटर. वाऱ्याकडचा सांगाडा पाणी सोडतो त्या क्षणी सरळ ठेवणारा मोमेंट (बळ गुणिले अंतर) सर्वाधिक असतो: 800 गुणिले 1.5, म्हणजे 1200 किलोग्रॅम-मीटर. तोवर नौका जेमतेम काही अंश कललेली असते. त्यापुढे कोन वाढतो आणि ताकद घटत जाते. 20 अंशांवर लावलेला खटका म्हणजे लढाई हरल्यावर वाजणारा बिगुल.

म्हणून कोन मोजू नका, भार मोजा. डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या वाऱ्याकडच्या श्राउडमध्ये, म्हणजे तारेत, तोच मोमेंट ताण होऊन बसलेला असतो. तार डोलकाठीपासून 1.5 मीटरवर बांधलेली असेल तर 1200 किलोग्रॅम-मीटरला उभा ताण ढोबळपणे 800 किलो, अधिक आधीचा आवळलेला ताण. सांगाडा अजून पाण्यातच असतो तेव्हाही हा आकडा चढत असतो. खटका कुठे लावायचा? शिडावरचा दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. दोन तृतीयांश भारावर खटका ठेवलात तर वारा आणखी 22 टक्के वाढेपर्यंत सांगाडा उचलत नाही. निम्म्यावर ठेवलात तर ही फट 41 टक्के होते, पण सुटणंही वारंवार होतं आणि दोन दिवसांत वैतागलेला कर्णधार खटका दोरीने बांधून टाकतो. ही शक्यता गृहीत धरूनच आकडा ठरवा.

लाटेच्या आदळण्याने तारेतही धक्के येतात, हे खरं. पण इथे छोटा डॅम्पर पुरतो, कारण निरोपच लवकर आलेला असतो आणि अर्धा सेकंद खर्चायला परवडतो. एक सक्त ताकीद: मोजणारं उपकरण तारेच्या मार्गात घालू नका. ते तुटलं तर डोलकाठीच खाली येईल. तारेला तीन रोलरमधून किंचित वाकवून तिचा ताण ओळखणारी रचना करा. ती मोडली तरी तार शाबूत राहते.

एवढं पटलं की खटक्याचं यंत्रशास्त्र सोपं वाटेल, आणि बऱ्याच अंशी ते आहेही. घाबरू नका. फक्त घर्षण विसरू नका. सपाट अडणी एकमेकांवर घासत सुटत असेल तर ती सोडायला लागणारं बळ भाराच्या प्रमाणात वाढतं, आणि घर्षणांक 0.1 वरून 0.3 झाला तर ते तिप्पट होतं. मीठ वाळलं की हे सहज घडतं. अडणीला रोलर द्या. मोठा भार लहान बळाने सोडायचा तर टप्प्याटप्प्याने तरफा वापरा: 7 पटीचे दोन टप्पे असतील तर 300 किलो सुमारे 6 किलोंवर येतात. पॅराशूटच्या पट्ट्यांवरची तीन कड्यांची रचना नीट हाताळून पाहा. इतक्या कमी भागांत इतकं काम करणारी वस्तू विरळा. पिना स्टेनलेस आणि घर ॲल्युमिनियमचं असेल तर मध्ये प्लास्टिकचं बुश घाला, नाहीतर खाऱ्या पाण्यात स्टेनलेसच्या संगतीने ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि एका हंगामात सगळं जाम होतं.

खटका पडला म्हणजे शीट सुटली असंही नाही. 6 पदरी कप्प्यांची मेनशीट असेल तर बूम (शिडाच्या तळाचा आडवा दांडा) 1 मीटर बाहेर जायला 6 मीटर दोर पळायला हवा, तोही प्रत्येक कप्पीतून घासत. ओला, पीळ पडलेला दोर मध्येच अडकतो, आणि टोकाची आठाची गाठ तर आपण स्वतःच मारलेली असते. म्हणून मोकळं टोक सोडण्याऐवजी अख्खा कप्पीसंच जिथे अडकवलेला असतो तिथेच एकपदरी दोर सोडावा, असं माझं मत. भार पूर्ण येतो, पण बूम लगेच हलते. हे मला कुठल्या प्राध्यापकांनी शिकवलं नाही. आयुष्यभर दोर आणि तारा ओवणाऱ्या एका वयस्क रिगरनी माझं रेखाचित्र पाहून विचारलं, “आणि हा दोर पळणार कुठून?” मार्गदर्शक निवडताना ज्याच्या हाताला घट्टे आहेत असा एक तरी माणूस धरा. शोधनिबंध वाचून दाखवणारे पुष्कळ मिळतात.

मागून वारा घेऊन चाललेल्या नौकेवर हे सगळं फोल आहे, तेही अहवालात लिहा. बूम आधीच श्राउडला टेकलेली असते, शीट सोडून शीड आणखी बाहेर जाणार कुठे? तिथे नौका नाकावर पालथी होते, आणि उपाय एकच, शीड वेळेत आटोपणं. तसंच नुसतं मेन सुटलं आणि जिब (पुढचं शीड) ताणलेलं राहिलं तर नौकेचं नाक वाऱ्यापासून दूर वळतं. तुमच्या नौकेवर दोन्ही सोडायची की एकच, हे पाण्यावर तपासल्याशिवाय ठरवू नका.

ही मर्यादांची यादी लिहिताना प्रकल्प खुजा वाटायला लागतो. मलाही वाटला होता. पण परीक्षक आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीला बसलेले लोक हाच भाग आधी उघडतात. लहान नौकांच्या स्थिरतेचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 12217, त्याचा शिडाच्या नौकांसंबंधीचा भाग वाचून जा: 6 मीटर आणि त्याहून लांब सांगाड्यांसाठी दुसरा भाग, त्याखालच्यांसाठी तिसरा. पाठ करायची गरज नाही, तुमचं उपकरण त्यातल्या कुठल्या गणिताला हात लावतं आणि कुठल्या नाही एवढं सांगता आलं पाहिजे. जमल्यास एखाद्या खऱ्या नौकेची इन्क्लायनिंग चाचणी करताना हजर राहा. वजन सरकवून कोन मोजायचा असतो, आणि तिथे लंबकच वापरतात. बंदिस्त, शांत पाण्यात तो अगदी प्रामाणिक असतो, शिवाय त्याचं टोक मुद्दाम तेलाच्या किंवा पाण्याच्या भांड्यात बुडवलेलं असतं.

चाचणीची नोंदवही ठेवताना दोन रकाने वेगळे ठेवा: सुटायला नको तेव्हा सुटलं, आणि सुटायला हवं तेव्हा सुटलं नाही. प्रत्येक नोंदीपुढे वारा, लाटा, तारेतला ताण आणि खटका कोरडा होता की मीठ धरलेला, हे लिहा. पहिला रकाना सुरुवातीला भराभर भरेल. त्याने खचू नका. दुसऱ्यात एक जरी नोंद आली तरी त्या दिवशीचं नौकानयन थांबवा आणि खटका खोलून बघा.