टाइल्सचं काम सांधे भरण्याआधी कसं तपासायचं

टाइल बसली आहे, खालचा सिमेंट-वाळूचा मसाला घट्ट झाला आहे, पण सांधे अजून उघडे आहेत, ही काम तपासायची खरी वेळ. एकदा ग्राउट, म्हणजे सांधे भरायचं मिश्रण, भरून, ॲसिडने पुसून फरशी चकाचक झाली की दोष झाकले जातात आणि मिस्त्री दुसऱ्या गावच्या कामावर गेलेला असतो. म्हणून मजुरी ठरवतानाच सांगून ठेवा, "भाऊ, सांधे मी पाहिल्यावरच भरायचे, शेवटचा हप्ता त्यानंतर." मजुरी चौरस फुटावर असते, त्यामुळे हात भरभर चालतो, अट आधीच बोललेली असली की वाद होत नाही.

सामान फार लागत नाही. सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी, काटकोन पाहायला गुण्या, उभी रेघ पाहायला ओळंबा, पातळी पाहायला पाण्याची पारदर्शक नळी, टेप, खडू, आठ मिलीच्या सळीचा हातभर तुकडा आणि खिशातलं एटीएम कार्ड. माप मिस्त्रीच्याच भाषेत घ्या: एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण 3 मिलिमीटर.

सुरुवात आवाजापासून करा. मसाल्यावर बसवलेली फरशी तीन-चार दिवसांनी ठोकून पाहावी. ओल्या मसाल्यावर आवाज फसवतो. सळीच्या टोकाने प्रत्येक टाइल चारही कोपऱ्यांवर, चारही कडांच्या मध्यावर आणि बरोबर मधोमध हलकी वाजवा. भरीव जागेवर 'टक्' असा बारीक, घट्ट आवाज येतो. पोकळ जागेवर 'ढब' येतो. जिथे ढब आला तिथे खडूने फुली. मध्ये हाताच्या पंजापेक्षा लहान जागा पोकळ असेल तर फरशीवर चालवून घेता येतं. कोपरा किंवा कड पोकळ असेल तर मात्र टाइल काढायलाच लावा. धान्याचा कट्टा टेकवला, कपाटाचा पाय आला किंवा खलबत्ता निसटला की तुटतो तो हाच कोपरा.

पोकळी का राहते, हे कळलं तर काम चालू असतानाच थांबवता येतं. कापूस-तूर विकून पैसा हाती आला की बांधकाम निघतं, त्यामुळे आपल्याकडे बऱ्याच टाइल्स नेमक्या एप्रिल-मेमध्ये बसतात. पारा 45 अंशांपाशी, वर तापलेले टिन. अशात मसाला पसरून मिस्त्री चहाला गेला की वरचा थर सुकतो आणि टाइल चिकटतच नाही. एका वेळी चार-पाच टाइल्सपुरताच मसाला पसरावा, आणि टाइल ठेवण्याआधी वर सिमेंटचा पातळ घोळ ओतावा. कोरडं सिमेंट भुरभुरून वरून पाणी शिंपडणं हे पोकळीचं नेहमीचं कारण आहे. भिंतीवर तर टाइलच्या मागे मसाल्याचे पाच लाडू लावून ती दाबतात. लाडवांच्या मधली जागा पोकळच राहते आणि न्हाणीत तिथेच पाणी मुरतं.

बसवत असताना एखादी टाइल उचलायला लावून पाठ पाहा. फरशीला पाठीचा किमान 80 टक्के भाग मसाल्याने भरलेला हवा, न्हाणीत जवळजवळ पूर्ण. साधी सिरॅमिक टाइल बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात भिजवावी, नाहीतर ती मसाल्यातलं पाणी शोषून घेते. व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली टाइल पाणी पीत नाही, म्हणून ती भिजवून फायदा नाही. याच कारणाने भिंतीवर तिला नुसतं सिमेंट धरत नाही. तिथे टाइलचं ॲडहेसिव्हच वापरा, खर्च वाढला तरी.

आता सपाटी. पट्टी फरशीवर सगळ्या दिशांनी फिरवा. खाली एका सुतापेक्षा जास्त फट दिसू नये. दोन टाइल्सच्या कडा वर-खाली आहेत का, हे बघायला उंच टाइलवर छोटी पट्टी धरून शेजारच्या टाइलवर येऊ द्या आणि फटीत एटीएम कार्ड सरकवा. कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं. ते सैल जात असेल तर अनवाणी पायाला ती कड लागणार. अंधार पडल्यावर मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरला की उठलेल्या कडांच्या सावल्या पडतात. दिवसा न दिसलेलं इथे दिसतं.

खोली काटकोनात आहे का, हे कर्ण मोजून कळतं: 10 बाय 12 च्या खोलीचे दोन्ही कर्ण 15 फूट साडेसात इंचांच्या जवळ आणि सारखे यायला हवेत. भिंतीच तिरक्या असतील तर कापलेल्या तिरप्या पट्ट्या दाराच्या समोर न येता पलंगाखाली जाव्यात.

न्हाणीचा ढाळ फुटाला एक सूत. म्हणजे सहा फुटांच्या न्हाणीत दूरच्या भिंतीपासून जाळीपर्यंत पाऊण इंच. सांधे उघडे असताना पाणी ओतू नका, गोटी सोडून पाहा. ती कोपऱ्यातूनही जाळीकडेच यायला हवी. सांधे भरून सुकल्यावर दोन बादल्या ओता, दहा मिनिटांनी कुठे रुपयाचं नाणं बुडेल एवढं पाणी साचलेलं नको. भिंतीची टाइल फरशीच्या टाइलवर टेकलेली असावी, म्हणजे ओघळ सांध्यात शिरत नाही.

सांधा शून्य ठेवणं हौसेचं वाटतं, पण उन्हाळ्यात टाइल फुगते आणि जागा नसली की जोडीने वर उचलली जाते. फरशीला 2 मिलिमीटरचा सांधा आणि भिंतीलगत, स्कर्टिंगखाली (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली) लपेल अशी दोन सुतांची फट हवीच.

चीर एकाच टाइलला असेल तर ती पोकळी किंवा मार. तीच चीर चार-पाच टाइल्समधून सरळ गेली असेल तर दोष खालच्या भरावाचा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जोत्यात तीच भरली असेल तर मिस्त्रीला बोलून उपयोग नाही. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात पाणी मारून, धुमसून भरला का आणि वर चार इंच काँक्रीट झालं का, हे टाइलचा पहिला खोका फोडण्याआधी पाहायचं असतं.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात मसाल्याला बोअरचं खारं पाणी वापरलं तर सांध्यांतून पांढरा लोणा फुटत राहतो. तिथे मसाला, ग्राउट आणि वरून मारायचं पाणीही गोडंच घ्या. ॲसिडने धुवायला देऊ नका. त्याने ताजा सांधा खाल्ला जातो. ओल्या फडक्याने लगेच पुसलं तर ॲसिडची गरजच पडत नाही.

काम पास झालं की चार-पाच अख्ख्या टाइल्स आणि खोक्याचा शेड व बॅच नंबर छापलेला तुकडा जपून ठेवा. पुढे एखादी टाइल बदलायची वेळ आली, तर त्याच नावाची दुसऱ्या बॅचची टाइल रंगात आणि मापातही जुळेलच असं नाही.